एकाच पत्त्यावर

अधिकारीणबाईंचा पहिला अवघड प्रश्न असा होता : "तुम्ही नवऱ्याला हाक कशी मारता?"

"अहो," धाकटी म्हणाली.

अधिकारीणबाईंनी समोरच्या कागदांवरून बोट फिरवलं. नवऱ्याचं नाव तिथे ठळक लिहिलेलं होतं आणि ते असलं काही नव्हतं. त्यांनी दुभाषी बाईंकडे पाहिलं. दुभाषी बाई मराठी घरातल्याच, पण बहुधा लहानपणीच इकडे आलेल्या. त्यांचं मराठी शाळेच्या पुस्तकासारखं कडक इस्त्रीचं होतं. त्या धाकटीकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे मी यांना कसं सांगू?"

"सांगा ना, 'ऐकलंत का' म्हणतो तसं."

दुभाषी बाईंनी सांगितलं. अधिकारीणबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्यांना 'ऐका' म्हणता. मग ते ऐकतात का?"

त्या हसल्या, आणि चांगल्या मनानं हसल्या. धाकटीलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येईतो तिच्या लक्षात आलं, की ही हाक आपण शेवटची कधी मारली ते काही केल्या आठवत नाही.

धाकटी हे तिचं माहेरचं नाव. भावंडांत शेवटची, म्हणून आईवडिलांची धाकटी, मग शेजाऱ्यांची धाकटी, मग सगळ्या गल्लीचीच. नवरा परदेशात बस डेपोत मेकॅनिक. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला, दोन आठवड्यांत लग्न ठरून पारही पडलं, आणि उरलेला एक आठवडा दोन्हीकडचे नातेवाईक जेवायला बोलावण्यात गेला. पुढे वर्षभर ते फोनवरच नवरा-बायको होते. मग तिला परवाना मिळाला, तोही तात्पुरता. नवरा कामाच्या जोरावर आधीच तिथला कायमचा रहिवासी झाला होता. त्याची बायको म्हणून तिला राहता येत होतं, पण ठरावीक वर्षं एकाच पत्त्यावर एकत्र राहिल्याचं आणि लग्न खरं असल्याचं दाखवल्याशिवाय ती कायमची होणार नव्हती. नियम मुळात शहाण्या माणसानं केला असावा. नुसत्या सह्यांची लग्नं लावून माणसं आणणारे दलाल काही कमी नव्हते. म्हणून नवऱ्याला एका खोलीत बसवायचं, बायकोला दुसऱ्या, दोघांना तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का बघायचं.

"यात घाबरायचं काय?" मुलाखतीच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला होता. "आपलं लग्न तर खरंच आहे."

लग्न खरंच होतं. भाड्याच्या करारावर दोघांची नावं होती, विजेच्या बिलावर दोघांची नावं होती. फोटो मात्र सगळे लग्नातले.

"नंतरचे फोटो का नाहीत?" अधिकारीणबाईंनी विचारलं.

धाकटीनं खरं तेच सांगितलं. नवरा रात्रपाळीला. ती दिवसभर कपडे दुरुस्त करायच्या दुकानात. कुणाच्या पँटचा तळ वर घ्यायचा, कुणाच्या कोटाची बाही आखूड करायची, कुणाची चेन बदलायची. ती संध्याकाळी घरी यायला आणि तो डबा घेऊन निघायला एकच गाठ. त्याची सुट्टी बुधवारी, तिची रविवारी. फोटोत दोघं असायची तर आधी दोघं एका जागी असायला हवीत.

"नवरा कामावरून सकाळी किती वाजता सुटतो?"

"आठला."

अधिकारीणबाईंनी डेपोचं पत्र उचलून पुन्हा वाचलं आणि खाली ठेवलं.

"रविवारी तुम्ही काय करता?"

धाकटी जरा घुटमळली. "धुलाईच्या दुकानात बसते."

"कपडे धुवायला?"

"कपडे धुऊन होतात. मग बसते."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

दुभाषी बाईंनी हे सांगताना आवाज खाली आणला. ते धाकटीला जाणवलं आणि आवडलं नाही. आपली कीव करण्यासारखं आपण काय बोललो, असं तिला वाटलं.

मुलाखत संपल्यावर दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, मग एकत्र आत बोलावलं. अधिकारीणबाईंचा आवाज आता कोरडा होता. उत्तरं जुळत नव्हती. नवऱ्यानं सांगितलं होतं, बायको चहात दोन चमचे साखर घेते. बायको म्हणत होती, साखर सोडून दोन वर्षं झाली. नवरा म्हणत होता, रविवारी बायको मैत्रिणींकडे जाते. मैत्रिणींची नावं विचारली तर त्याला एकही सांगता आलं नव्हतं. आणि डेपोच्या पत्राप्रमाणे नवऱ्याची पाळी सकाळी सहाला संपत होती.

"अर्ज मी फेटाळत नाही," त्या म्हणाल्या. "काही महिन्यांनी पुन्हा बोलावू. तेव्हाही असंच झालं, तर मला दुसरा काही मार्ग राहणार नाही."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. इतक्या दिवसांत बसमध्ये एकत्र बसायची ही त्यांची दुसरी की तिसरी वेळ. नवरा इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन होता, ती खिडकीबाहेर बघत होती.

"साखर कधी सोडलीस?" त्यानं विचारलं.

"झाली की दोन वर्षं."

"बुधवारी मी करतो त्या चहात तर असते साखर."

"पिते मी."

"बोलली नाहीस कधी."

"एवढ्या हौसेनं करता, म्हटलं कशाला."

पुढच्या थांब्यावर तिनं विचारलं, "सहाला सुटता?"

तो खिशातून बसचा पास काढून बघायला लागला, जणू उत्तर त्याच्यावर छापलेलं होतं. "बघू घरी गेल्यावर," म्हणाला. घरी गेल्यावर कामावर जायची वेळ झाली होती. तो डबा घेऊन निघून गेला.

त्यांचं घर म्हणजे एक खोली. एका भिंतीला ओटा, दुसरीला पलंग, मध्ये कपड्यांचं कपाट आडवं घालून केलेला आडोसा. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत. धाकटीनं त्या संध्याकाळी एकटीच्या ताटात भात वाढून घेतला आणि तिच्या तोंडाची चवच गेली. सहाला सुटतो. घरी येतो तेव्हा ती गेलेली असते, म्हणजे आठच्या पुढे. डेपो काही दूर नाही. दोन तास हा माणूस कुठे असतो? मनात जे यायचं ते येऊन गेलं. एका बाईचा चेहराही तिनं मनातल्या मनात रंगवून पाहिला, तिला चांगलं वळणदार नाकही दिलं. मग ताईला फोन लावला. ताई म्हणजे तिची सगळ्यात मोठी बहीण, माहेरच्या घराचा कारभार आता तीच बघायची.

"कशी झाली गं मुलाखत?"

"छान झाली," धाकटी म्हणाली. "बाई हसल्यासुद्धा."

वरच्या मजल्यावर टॅक्सीवाले काका राहत. एकटे. या गावात येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला सरकारी कचेरीचा रस्ता आणि तिथल्या अडचणी त्यांनीच समजावून दिलेल्या. बुधवारी संध्याकाळी ते खाली आले, मुलाखतीची हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, खरं बोलायला गेलात होय? परीक्षा आहे ती! परीक्षेत खरं नसतं लिहायचं, बरोबर लिहायचं."

"पण आमचं खरंच आहे ना लग्न," नवरा म्हणाला.

"त्यानं काय होतंय? माझंही खरंच होतं. मी बायकोची सगळी उत्तरं पाठ केली होती. जन्मवेळ, चपलेचा नंबर, कुठल्या कुशीवर झोपते, सगळं. खणखणीत पास झालो. आणि मी कायमचा झालो त्याच वर्षी ती सोडून गेली." काकांनी चहाचा घोट घेतला. "चपलेचा नंबर अजून पाठ आहे बघ. विचार पाहिजे तर."

कुणी विचारला नाही. काकाच मग कामाला लागले. रविवारी काय करता, याचं उत्तर : दोघं बागेत फिरायला जातो. सकाळी किती वाजता येतो, याचं उत्तर : सहाला सुटतो, थेट घरी, दोघं मिळून चहा घेतो. "बागेत बाक कुठल्या रंगाचा तेही ठरवून ठेवा," काका बजावून गेले. "फार खोलात शिरतात लेकाचे."

तेव्हापासून दर बुधवारी जेवणं झाली की पाठांतर चाले. नवरा पलंगावर मांडी घालून, ती ओट्याला टेकून.

"तुझ्या ब्रशचा रंग?"

"हिरवा. तुमचा पांढरा, पण आता पिवळा पडलाय. बदला तो."

"बदलला तर उत्तर बदलेल."

"दात पडले तर तेही सांगावं लागेल."

तो हसला. त्याच्या हसण्यात एक बारीक शिट्टी होती, पुढच्या दोन दातांतल्या फटीतून येणारी. ही शिट्टी तिला लग्नाच्या आठवड्यात ऐकू आली होती. नंतर ती विसरूनच गेली होती.

"तुझ्या वडिलांना जाऊन किती वर्षं झाली?"

"मी नववीत होते."

"कशानं गेले?"

"कावीळ." मग ती नेहमीसारखी पुढच्या प्रश्नाकडे वळली नाही. "दवाखान्यातून परत आणलं होतं. मला म्हणाले, धाकटे, माझ्या चपला उन्हात ठेव, ओल्या झाल्यात. ठेवल्या मी. घालायला काही उठले नाहीत."

हे काकांच्या प्रश्नांत नव्हतं. "हे मला माहीत नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"विचारलं कुठे होतं कुणी?"

ती हे टोचायला म्हणाली नव्हती, पण टोचलं. त्यानं मान खाली घातली. त्याच्या नखांच्या कडांतून डेपोतलं काळं वंगण कधीच पुरतं निघत नसे. तो एका नखानं दुसरं कोरत बसला. तिला वाटलं, आता विचारलं नाही तर कधीच विचारून होणार नाही.

"ते काकांचं उत्तर राहू द्या. मला खरं सांगा. सहाला सुटून कुठे जाता?"

"कुठे नाही जात."

"म्हणजे?"

"डेपोतच असतो. दुरुस्तीला आलेली एखादी बस मागच्या अंगाला उभी असते. तिच्यात बसतो. मागच्या सीटवर."

"दोन तास?"

"हो."

"झोप येते म्हणून?"

"झोप घरी नाही का येणार?" तो म्हणाला. ती थांबली. दुकानात अडलेली शिवण उसवताना जसं थांबावं लागतं, ओढलं की कापडच फाटतं, तशी थांबली.

"तू नवीन आलीस ना," तो म्हणाला, "तेव्हा यायचो मी सहाला सुटून. तू ओट्यापाशी पाठ करून उभी असायचीस. नळ सोडलेला असायचा मोठा. रडत असायचीस. मला कळायचं. मला बघितलं की तोंड धुवायचीस आणि म्हणायचीस, चहा ठेवू का. रोज. मी म्हटलं, भरल्या घरातून हिला उचलून आणली आणि इथे या खोलीत ठेवली. रोज सकाळी ते बघायचं आणि काय बोलायचं ते कळायचं नाही. मग एक दिवस उशीर झाला, एका गाडीचा ब्रेक सुटत नव्हता. आलो तेव्हा तू गेली होतीस. घर गप्प होतं. त्या दिवशी बरं वाटलं मला." त्यानं वर पाहिलं. "तुझं बघून नाही. म्हणजे… बघवत नव्हतं म्हणून. मग तुला सांगितलं, पाळी बदलली, आता आठला सुटतो."

धाकटीला आपलं रडणं आठवेना. नवीन होती तेव्हा रडत होती, हे खरं. पण ते कधीच थांबलं होतं. कधी थांबलं, हे तिलाही सांगता आलं नसतं, आणि ते बघायला कुणी नव्हतं.

"चार महिने रडले असेन," ती म्हणाली. "पुढे नाही."

"मला काय माहीत?"

"आणि तुम्हाला वाटत होतं रविवारी मी मैत्रिणींकडे जाते."

"तूच म्हणाली होतीस एकदा."

"एकदा गेले होते. दुकानातल्या एकीकडे. तिच्या घरी तिची सासू, दोन पोरं, सगळ्यांना बोलायचं होतं आणि मला भाषा येत नव्हती. पुन्हा नाही गेले. तुम्ही रविवारी दिवसा झोपता. एवढीशी खोली. भांडं वाजलं तरी तुमचा डोळा उघडायचा. कूस बदलायचात, बोलायचा नाहीत. मग मी बाहेर पडायला लागले. धुलाईच्या दुकानात ऊब असते, बसायला बाक असतो, ऊठ म्हणून कुणी सांगत नाही. यंत्रात कपडे फिरत असतात. बघत बसते."

"कुणाचे?"

"कुणाचेही."

त्या बुधवारी पुढचे प्रश्न झालेच नाहीत. तिला सकाळी लवकर उठायचं होतं, ती आडोशामागे जाऊन पडली. रात्रपाळीच्या सवयीनं त्याला झोप येत नसे, तो नेहमीसारखा ओट्यापाशी दिवा बारीक करून बसला. तिला त्याच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. जागी आहेस का, असं त्यानं विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. तो काय विचार करत होता ते त्यालाच ठाऊक.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. नवरा पुढच्याच पाळीनंतर सहाला सुटून थेट घरी आला. धाकटी दात घासत होती. त्याला हात धुवायचे होते. मोरी एक. तो मागे सरकला तर स्टुलावरची कंगव्याची डबी पडली, ती वाकली तर त्याचा कोपर लागला. "तुम्ही घ्या आधी," "नाही, तू घे," असं चार वेळा झालं. चहाला बसले तर बोलायला काही सापडेना. शेवटी त्यानं एका बसच्या ब्रेकची हकिगत सांगितली, हवेचा दाब कसा उतरत होता आणि चूक कुठल्या नळीत निघाली. तिनं ऐकली. तिला त्यातलं काही कळलं नाही. बसस्टॉपकडे चालताना तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच लाज वाटली.

रविवारी ती घरी थांबली. तो झोपला होता आणि ती पलंगाच्या कडेला बसून दुकानातून आणलेल्या एका कोटाचं अस्तर हातानं शिवत होती, कारण हातशिलाईला आवाज नसतो. दुपारी तो डोळे न उघडता म्हणाला, "शिव की. यंत्र काढ."

"तुमची झोप मोडेल."

"मोडू दे."

तिनं यंत्र काढलं. त्याची झोप मोडलीच. चिडला नाही, पण तारवटलेल्या डोळ्यांनी डेपोत गेला, आणि तिथे मुकादमाचं बोलणं खाल्लं. पुढच्या रविवारी ती पुन्हा धुलाईच्या दुकानात गेली. त्यानं अडवलं नाही. जाताना फक्त म्हणाला, "लवकर ये." ती थोडी लवकर आली.

दुसऱ्या मुलाखतीचं बोलावणं आलं. काकांनी दोघांना समोर बसवून सराव घेतला. बागेतला बाक हिरवा ठरला. सहाला सुटणं, चहा, गप्पा. "पाठ आहे ना?" काका पुन्हा पुन्हा विचारत होते. पाठ होतं. इतकं पाठ, की धाकटीला कधी कधी तो बाक खरंच डोळ्यांसमोर दिसे.

त्याच अधिकारीणबाई, त्याच दुभाषी बाई, तीच खोली. ब्रश, साखर, वडिलांचं आजारपण, नवऱ्याच्या पाठदुखीचं औषध, सगळं पटापट झालं. धाकटीच्या जिवात जीव आला. मग बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, रविवारी धुलाईच्या दुकानात बसता. अजूनही बसता?"

उत्तर ओठांवर तयार होतं. हिरवा बाक. दुभाषी बाईंनी प्रश्न मराठीत सांगितला आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. मागच्या खेपेला ज्या आवाजाचा तिला राग आला होता, त्याच आवाजात सांगितला. या खेपेला राग आला नाही. इतक्या वर्षांत या बाईंच्या आधी रविवारचं कुणी विचारलंच नव्हतं, नवऱ्यानंही विचारलं ते पाठांतराच्या निमित्तानं. आणि आता बागेत जाते म्हणायचं, म्हणजे ते सगळे रविवार नव्हतेच असं म्हणायचं. तिला ते जमेना.

"बसते," ती म्हणाली. "आता थोडी कमी."

मग थांबताच आलं नाही. सहाला सुटून तो डेपोत मागच्या सीटवर बसून राहायचा, ते तिनं सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं. आता घरी येतो, पण मोरीपाशी आम्हा दोघांना उभं राहता येत नाही, हेही सांगितलं. दुभाषी बाई सांगता सांगता दोनदा थांबल्या. अधिकारीणबाई लिहीत होत्या. धाकटीला वाटलं, लिहू द्या. आता गेलंच सगळं. तिकडच्या खोलीत तो बिचारा शहाण्यासारखा हिरवा बाक सांगत असणार.

बाहेर बाकावर नवरा आधीच येऊन बसला होता. गुडघ्यावर दोन्ही तळवे, शाळेत शिक्षेला बसवलेल्या मुलासारखा. ती शेजारी बसली.

"माझ्याकडून एक चूक झाली," ती म्हणाली.

"माझ्याकडूनपण."

"तुमच्याकडून कसली? सगळं पाठ होतं तुम्हाला."

"ते बागेचं…" तो म्हणाला. "नाही निघालं तोंडातून. म्हटलं, तू तिथे बसायचीस आणि मी सांगायचं बागेत होतो. मी खरं ते सांगून टाकलं. बसमध्ये बसायचो तेही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "आणि चहाचं?"

"सांगितलं, की चहाला बसतो, पण बोलायला काही सापडत नाही."

तिला हसू फुटलं. त्या कचेरीत लोक गप्प बसून आपापल्या पाळीची वाट बघत होते, आणि ती पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक तोंडात धरून हसत होती. तोही हसला, शिट्टीसकट. एका रखवालदारानं त्यांच्याकडे बघितलं.

आत बोलावलं तेव्हा अधिकारीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले होते. "मागच्या वेळेपेक्षा हे फारच वाईट आहे," त्या म्हणाल्या, आणि दुभाषी बाईंचं सांगून होईपर्यंत धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "पण जुळतंय. शब्दाला शब्द. खोटी लग्नं लावणारे असलं काही पाठ करून येत नाहीत."

निकाल घरी आला तो साध्या पाकिटातून. त्यात तिचा फोटो असलेलं कार्ड होतं. फोटोत ती घाबरलेली होती. नवरा झोपला होता म्हणून तिनं ते ओट्यावर, त्याच्या डब्यापाशी ठेवलं आणि कामावर गेली. संध्याकाळी दारात भेटले तेव्हा तो म्हणाला, "झालीस की कायमची."

"झाले," ती म्हणाली. तो कामावर गेला. ती आत आली, दार लावलं. खोली होती तशीच होती. समोरच्या इमारतीत एकेका खिडकीत दिवा लागत होता. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं वाटून ती बराच वेळ उभी राहिली, मग भात लावला.

दिवसपाळीसाठी नवऱ्यानं अर्ज दिला. तिथे जुन्या लोकांचा नंबर आधी, त्याचा यायला वर्ष तरी लागेल असं मुकादम म्हणाला. तोवर धाकटीनं माहेरी जाऊन यायचं ठरवलं. आता तिला देशाबाहेर पडायची आणि परत यायची भीती नव्हती. तिनं कितीतरी रविवार फिरत्या कपड्यांसमोर बसून या खेपेचा विचार केला होता. कोण आधी भेटेल, कोण काय म्हणेल, आई कुठे बसलेली असेल.

आई होती तिथेच बसलेली होती. बाकी पोरं मोठी झाली होती, दोन नवीन होती. ताईनं तिला पुढच्या खोलीतला पलंग दिला, वर नवी चादर घातली. धाकटी कधी त्या पलंगावर झोपली नव्हती. तो पाहुण्यांचा.

"ताई, मी आत झोपते गं, तुमच्यात."

"आत जागा कुठेय? पोरं लोळतात सगळीकडे. नीट झोप तू."

सकाळी ती ओट्यापाशी गेली तर ताईनं हातातली सुरी काढून घेतली. "बस गं, चार दिवसांसाठी आलीयस." दिवसभर घरात माणसं येत होती, जात होती, एकमेकांवर ओरडत होती, हसत होती. हसण्यामागची कारणं तिला माहीत नव्हती. कुणी समजावून सांगायचं म्हटलं, की तोवर हसणं संपून जाई. आई तिचा हात हातात घेऊन बसे आणि थोड्या वेळानं विचारी, "जावईबापू कसे आहेत?"

"बरे आहेत," धाकटी म्हणाली. मग तिला वाटलं, हे काही उत्तर नव्हे. "पाठ दुखते त्यांची. डेपोत खड्ड्यात उभं राहून गाडीच्या खालून काम करावं लागतं, मान वर करून. साखर घालून चहा करतात. हसले की शिट्टी वाजते."

"शिट्टी?" आई म्हणाली आणि तिला फार गंमत वाटली. "अगंबाई. हे आधी कधी बोलली नाहीस."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारची जेवणं होऊन घर सुस्तावलं, तेव्हा त्याचा फोन आला. ती फोन घेऊन मागच्या दारी गेली. आतून पोरांचा दंगा येत होता, तिनं दुसऱ्या कानावर हात धरला.

"काय करतेस?"

"काही नाही. काही करूच देत नाहीत."

"मोरी तुंबली होती इकडे," तो म्हणाला. "खालची नळी खोलली. तुझे केसांचे आकडे निघाले. अकरा-बारा तरी असतील."

"अगोबाई. टाकून द्या."

"धुऊन ठेवलेत."

तो थांबला. पूर्वी इतक्यावर फोन संपत असे. मग ठेवतो, बरं, एवढंच राहत असे. आतून ताईनं कुणाला तरी हाक मारली, ती हाक तिच्यासाठी नव्हती.

"आणि?" धाकटीनं विचारलं.

"आणि काय…" तो म्हणाला, आणि तिला कळलं, की तो खरोखरच आठवून बघतोय. "आणि काका वरून आले होते काल. म्हणाले, काही खाल्लंस का. आणि मी…"

ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली, फोन कानाशी घट्ट धरून.